कुलपाशी बोलणारे चाचा

"ऱ्हायल्यालं उद्या."

एवढं म्हणायचं, मांडीवर काढून ठेवलेला पटका उचलून डोक्यावर चढवायचा आणि आमच्या कट्ट्यावरून उठून समोरच्या आपल्या घरात शिरायचं, ही चाचांची रोजची तऱ्हा. गोष्ट ऐन रंगात आलेली असायची. चोर विहिरीत उतरलेला, वर मालक काठी घेऊन उभा, आम्हा सगळ्यांचे श्वास अडकलेले, आणि नेमके चाचा उठायचे. मागून हाका मारा, हात जोडा, शिव्या घाला, माणूस वळायचा नाही.

माझी बायको तर लालबुंद व्हायची. "अहो चाचा, त्या चोराचं काय झालं ते तरी सांगून जा. आता मला घास गोड लागायचा नाही."

"वैनी, चोर हिरीत हाय. जातोय कुठं? ऱ्हायल्यालं उद्या."

तुमच्याही गल्लीत असा एखादा खोडसाळ माणूस होऊन गेला असेल. आमच्या गल्लीनं या खोडीचे अर्थ आपापल्या परीनं लावले होते. कुणी म्हणे, चाचांना गोष्टींचे शेवट ठाऊकच नसतात. कुणी म्हणे, उद्याही तंबाखू फुकटात मिळावी म्हणून ही सगळी सोय. खरं कारण मला माहीत होतं, कारण चाचा ज्या तुरुंगात शिपाई होते, तिथेच मी कंपाउंडर होतो. पण मी बोलायचो नाही. काही गोष्टी माणूस हयात असेपर्यंत चारचौघांत सांगायच्या नसतात.

हे सगळं कोल्हापुरातलं, महाराजांच्या अमदानीतलं. पेठापेठांतून तालमी घुमत होत्या, आणि कुस्तीचं मैदान असलं की दुकानदार गिऱ्हाइकाला अर्ध्यात सोडून फळी लावायचे. आमचा तुरुंग गावाच्या कडेला, मळ्यांना लागून होता. लहानसाच. पुढे तो पाडला, त्यामुळे आता शोधायला गेलात तर घाणेरीच्या झुडपांशिवाय काही सापडायचं नाही.

चाचांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरचं. वडील पागेत घोड्यांना नाल मारायचे. चाचा अंगानं किरकोळ, पण आवाज असा की त्यांनी गंगावेशीत कुजबुज केली, तर रंकाळ्याच्या तळ्यात डुंबणाऱ्या म्हशींनी माना वर कराव्यात. चाची म्हणायच्या, "ह्येंनी गुपित सांगितलं की पयल्यांदा शेजाऱ्यांस्नी कळतंय, मग मला." अशा माणसाला सरकारनं कुठे नेमावं, तर एकांतकोठडीच्या पहाऱ्यावर. तिथला पहिला नियम होता, बोलायचं नाही.

त्या कोठडीबद्दल थोडं सांगायला हवं. पुढे लोखंडी पत्र्याचं दार, दाराखाली थाळी सरकवण्यापुरती फट, मागच्या भिंतीत पार छताजवळ एक जाळी. बाकी काही नाही. आतल्याला काम नाही, सोबत नाही, कुणाचं तोंड दिसायचं नाही. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही आणि त्यानं आवाज केला तर मुदत वाढायची. आता तुम्हीच सांगा, एकट्या कोंडलेल्या माणसानं ओरडू नये तर काय करावं? कोंडला म्हणून तो ओरडायचा आणि ओरडला म्हणून पुन्हा कोंडायचा. त्या रहाटाला थांबाच नव्हता.

डॉक्टरसाहेबांच्या मागोमाग मी आठवड्यातून एकदा तिथे फेरी मारायचो. मला दोनच प्रश्न विचारायची परवानगी होती, "जीभ दाखव" आणि "कुठं दुखतंय का?" पहिला तर प्रश्नसुद्धा नव्हे. बऱ्याच जणांची जीभ ठीक असायची आणि दुखत कुठे आहे हे त्यांना सांगता यायचं नाही.

चाचांनी आधी नियम अगदी तंतोतंत पाळला होता. त्या काळात आत असलेल्या एका म्हाताऱ्याबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेव्हा आम्ही पंचगंगेच्या घाटावर पाय सोडून बसलो होतो.

"डागदर," ते म्हणाले (मी कंपाउंडर होतो, पण चाचांनी मला कधीच बढती दिलेली होती), "मी तेला रोज भाकरी दिली. येळंवर दिली, तोंडातनं सबुद काढला न्हाय. लई नेकीनं नोकरी केली बगा. मुदत सरली, तेला भाईर काढला. भाऊ न्ह्यायला आलता. नावानं हाका मारतोय, मारतोय, ह्यो वळंना. अंगणात पंगतीत बसवला, तर ताट उचलून भिताडाकडं तोंड करून बसला. भाऊ रडाय लागला. मला म्हणला, हवालदार, माझा माणूस कुठं ठेवला?"

चाचांनी पाण्यात एक खडा टाकला.

तो म्हातारा गेल्यावर काही महिन्यांनी कोठडीत मलकापूरकडचा एक तरणाबांड गडी आला. बांधावरच्या मारामारीत शिक्षा झालेला. तुरुंगातल्या हातमागावर काम करताना मुकादम त्याच्या आईवरून काहीतरी बोलला आणि गड्यानं मुकादमाच्या कानाखाली आवाज काढला, म्हणून कोठडी. पहिले काही दिवस तो दारावर धडका देत होता, मुदत वाढत होती. मग ओरडणं थांबलं. मी फेरीला गेलो तेव्हा तो उजव्या हातानं स्वतःचाच डावा हात घट्ट धरून बसला होता. गर्दीत पोरगं चुकू नये म्हणून आई धरते तसा. मी जीभ दाखव म्हटलं. त्यानं हात सोडला नाही.

बाहेर येऊन मी चाचांकडे पाहिलं. चाचा कुलपाकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवसापासून चाचा कुलपाशी बोलायला लागले.

कुलपाला तेल घालणं हे त्यांचं कामच होतं. तेलाची कुपी आणि कोंबडीचं पीस घेऊन ते दारासमोर उकिडवे बसायचे आणि त्या म्हशींना ऐकू जाणाऱ्या आवाजात सुरू करायचे, "काय कुलूपराव, झोप लागली का? आज गावात लई मजा झाली. महाराजांची खडखडा गाडी निघालती. घोडी अशी दौडत्यात, आन समोरनं एक म्हस आडवी. हलंना. शिपाई वराडतोय, गवळी वराडतोय, म्हस आपली रवंथ करत्या. तर महाराज सोता म्हणलं, असूं दे, तिला जाऊं दे आदी." कधी मेथीची जुडी किती मोठी मिळाली ते, कधी पंचगंगेचं पाणी घाटाच्या कुठल्या पायरीवर आलं ते. कुलूप बिचारं निमूटपणे ऐकायचं. दाराआडून पायांची हालचाल ऐकू यायची आणि फटीतून पाहिलं तर दोन टाचा दिसायच्या, दाराला पाठ टेकून बसलेल्या माणसाच्या.

मग चाचांनी कुस्ती काढली.

असली कुस्ती कोल्हापूरच्या मातीत कधी झाली नाही. एक पैलवान शिरोळचा, काळाकभिन्न, आणि दुसरा कुठून तरी उत्तरेतून आलेला, दाराच्या चौकटीत न मावणारा. पहिला दिवस नुसता शड्डू ठोकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी हातात हात पडले. तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या गड्यानं पट काढला, शिरोळकर हवेत उचलला गेला, आणि चाचांनी कुपीचं बूच लावलं. "ऱ्हायल्यालं उद्या, कुलूपराव."

मी एकदा घरी येताना म्हटलं, "चाचा, त्या शिरोळच्या माणसाला हवेतून खाली तरी आणा. दोन दिवस झाले."

ते हसले नाहीत. "डागदर, तुमी आमी रातच्याला निजतो ते सकाळी कायतरी हाय म्हणून निजतो. दुकान हाय, पोरं हाईत, न्हायतर बायकूची बोलणी तरी हाईत. तेला सकाळ कशापायी पायजे? काय हाय तेला सकाळी? म्हणून कुस्ती संपवायची न्हाय."

तेव्हा मला त्यांचं "ऱ्हायल्यालं उद्या" कळलं. तोवर मीही त्यावर हसत होतो.

पुढच्या फेरीला गड्याच्या हातातून हात सुटला होता. भाकरी पुरी खाल्लेली. मी "कुठं दुखतंय का?" म्हटलं तर त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि ती मान माणसाची होती.

आता जेलरसाहेब. ते वाईट गृहस्थ नव्हते, एवढं आधीच सांगतो. फार शिस्तीचे, आणि शिस्तीच्या माणसाचं जे होतं तेच त्यांचंही झालेलं: नियम दिसायचा, माणूस दिसायचा नाही. त्यांनी एक दिवस चाचांना तेल घालताना पकडलं.

"कुणाशी बोलत होतास?"

"कुलपाशी, सायेब."

"कुलपाशी?"

"व्हय. लई वर्सांची सोबत हाय. तेल घालताना मुक्यानं कसं बसायचं? कैद्यासंगं बोलायचं न्हाय असा हुकूम हाय. कुलपाचं कोण बोललं न्हाई."

साहेबांनी नियम चाळले. कुलपाबद्दल खरंच काही नव्हतं. मग त्यांनी चाचांना माझ्याकडे डोकं तपासायला पाठवलं. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, कपाळावर हात ठेवला आणि प्रकृती उत्तम असल्याचं कळवलं. साहेबांना काही ते पटलं नाही. त्यांनी जुनं कुलूप काढून टाकलं आणि नवंकोरं विलायती कुलूप लावलं. म्हणजे जुनी सोबतच तुटली, की प्रकरण मिटलं.

चाचा दुसऱ्या दिवशी कुपी घेऊन हजर. "रामराम पावणं! नवं दिसताय. कुठलं गाव म्हणायचं? बरं बरं. आमचं कोल्हापूर बगितलं न्हाई? अरारा! चला, दावतो की." आणि पुढचे कित्येक दिवस त्या विलायती पाहुण्याला सगळं कोल्हापूर फिरवून आणलं. अंबाबाईच्या देवळापासून निघाले, पेठापेठांतून, गुळाच्या बाजारातून, खासबागेच्या अंगानं, कुठल्या कोपऱ्यावरची भजी चांगली इथपर्यंत. मलकापूरच्या त्या गड्यानं कोल्हापूर धड पाहिलेलंही नव्हतं. त्यानं ते त्या कोठडीत बसून पाहिलं. मग पाहुण्याला कुस्तीला नेलं, आणि शिरोळकर अजून तिथेच होता.

शेवटी साहेबांनी चाचांनाच तिथून हलवलं. त्यांना तुरुंगाच्या मागच्या बागेत भाजीवर नेमलं आणि कोठडीवर एक अबोल शिपाई आला. त्या दिवशी कुस्तीत शिरोळकर खाली होता, उत्तरेचा गडी त्याच्या पाठीवर होता, आणि शिरोळकरानं नुकताच एक गुडघा उचलला होता.

पुढल्या फेरीला मला पाहिल्याबरोबर आतला माणूस उठून उभा राहिला.

"कोण पडलं?" तो म्हणाला.

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जीभ दाखव म्हटलं.

"कोण पडलं? सांगा की! कोण पडलं वो?" तो ओरडायला लागला. आम्ही निघालो तरी ओरडतच होता. डॉक्टरसाहेबांनी शेरा मारला की कैद्याला नसलेली माणसं दिसू लागली आहेत. एका अर्थी खरंच होतं ते. मुदत वाढली. त्याच्या पुढच्या फेरीला त्यानं पुन्हा आपला डावा हात धरला होता.

मी संध्याकाळी चाचांना सांगितलं तेव्हा ते कट्ट्यावरून ताडकन उठले. "आयला! मी तेला गुडघ्यावर सोडलाय की!" जणू त्यांनी खऱ्याच माणसाला कुठेतरी अडकवून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी गोष्ट सांगितली नाही. चाची म्हणाल्या, जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी बागेत चाचा वांग्यांशी बोलू लागले.

कोठडीची मागची भिंत बागेला लागून होती. जाळी उंच होती, पण चाचांच्या आवाजाला उंची म्हणजे काय! पाटाला पाणी लावून, खोरं टेकून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "काय रं वांग्यांनो! आयकताय न्हवं? परवा शिरोळकरानं गुडघा उचललाता. आता बगा काय झालं..." मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहत होतो. सांगायला लाज कसली? मी औषधाच्या बाटल्यांकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

कोठडीतलं ओरडणं थांबलं. जेलरसाहेब खूश झाले. अखेर शिस्त लागली म्हणाले. रोज सकाळी ते बागेत एक फेरी मारू लागले, वांग्यांचं पीक पाहायला. मला आधी वाटलं, आता पकडतात. पण साहेब पेरूच्या झाडाआड उभे राहायचे, छडी बगलेत, कान वांग्यांच्या वाफ्याकडे. चाचांना त्यांचे बूट दिसायचे. चाचा आवाज आणखी थोडा चढवायचे.

असा बराच काळ गेला. आतला गडी इतके दिवस शांत राहिला की मुदत वाढवायला काही कारणच उरलं नाही. त्याला कोठडीतून काढून इतर कैद्यांत ठेवायचं ठरलं. तो बाहेर आला तेव्हा मी अंगणात होतो. उन्हानं डोळे मिचकावत उभा राहिला. मग कुणी तरी त्याच्या नावानं हाक मारली, आणि तो वळला.

एवढंच झालं. हाकेला वळला. पण चाचा वांग्यांच्या वाफ्यात मटकन खाली बसले आणि पटक्यात तोंड खुपसून रडले.

त्याच आठवड्यात वरून तपासणीला मोठे अधिकारी आले होते. त्यांच्या कानावर कुणीतरी वांग्यांची हकिकत घातली. जेलरसाहेबांपुढे इलाज उरला नाही आणि चाचांची नोकरी गेली, पेन्शन हाताशी आलेलं असताना. फाटकापर्यंत साहेब स्वतः आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "जाता जाता एवढं सांग. कोण पडलं?"

चाचा म्हणाले, "सायेब, अजून तेलाच सांगितलं न्हाय. तुमास्नी आदी कसं सांगू?"

आणि सलाम करून चालू लागले.

त्या गड्याची अजून काही वर्षं शिक्षा होती. तो आता माणसांत होता, पण चाचांना आत शिरायला बंदी होती. मी म्हटलं, "मला सांगा, मी त्याच्या कानात सांगतो." चाचांनी मान हलवली. "न्हाय डागदर. तेनं सोता यावं. भाईर आल्यावर माणसाला जायाला एक दार पायजे. मी घरचा पत्ता भिताडाला आयकवून ठेवलाय."

ही उरलेली वर्षं आमच्या गल्लीला फार सुखाची गेली. चाचा गुळाच्या अडत्याकडे राखणीला जायचे आणि आल्यावर आमच्या कट्ट्यावर बसायचे. गंगावेशीकडून येणाऱ्या वाटेकडे त्यांचं तोंड असायचं, कारण मलकापूरचा माणूस तिकडूनच घरी जाणार. त्यांचं दार कधी बंद नसायचं. ऐन पावसातही उघडं, आणि चाची पाणी उपसत बोलत राहायच्या. आवाज तोच, खोडी तीच. घरी भाकरी थापताना माझी बायको त्या चोराला शिव्या द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कट्ट्यावर येऊन बसायची.

मग त्यांच्या छातीत कफ धरला. मी औषधं दिली, शेक दिला. दुपारची वेळ होती, त्यांच्या उशाशी बसलो होतो. सहज म्हटलं, "चाचा, आता तरी सांगा. कोण पडलं?"

त्यांनी डोळे उघडले. त्यात ती जुनी खोडी होती. ओठ हलले, पण त्या मोठ्या आवाजातलं काही उरलं नव्हतं. मला वाचता आलं एवढंच. तुम्हालाही आलं असतं.

तो उद्या काही त्यांनी दिला नाही. चाची पेठ वडगावला लेकीकडे गेल्या आणि आयुष्यात प्रथमच त्या दाराला कुलूप लागलं.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. महाराजांच्या घरी आनंदाचा प्रसंग आला, काही कैद्यांना सूट मिळाली. एका सकाळी मी कट्ट्यावर दात घासत होतो, तर समोरच्या दारापुढे एक माणूस उभा. खांद्यावर घोंगडी, हातात बोचकं. केस पांढरे व्हायला लागलेले. मी ओळखलं. तो कुलपाकडे पाहत होता.

"पावणं," मी म्हटलं, "चाचा नाहीत. गेले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानंही मला ओळखलं असावं, कारण आधी त्याची जीभ किंचित बाहेर आली आणि मग तो ओशाळून हसला. "कोण पडलं ते इचाराय आलोतो," तो म्हणाला. "तुमास्नी म्हाईत हाय?"

"नाही. तुझ्याआधी कुणाला सांगायचं नव्हतं त्यांना."

त्यानं बोचकं खाली ठेवलं, गंजलेल्या कुलपावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "जरा त्याल मिळंल?"

माझी बायको वाटीत तेल आणि कोंबडीचं पीस घेऊन आली. कुलूप पावसानं गंजलं होतं. तो त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि हळूहळू तेल घालू लागला. मग घसा खाकरला.

"काय कुलूपराव... म्या आलो. सुटलो. आता मलकापूरला चाललोय. आई हाय अजून, सांगावा आलाता." थोडा वेळ नुसतं पीस फिरत राहिलं. मग त्याचा आवाज चढला, गल्लीतली माणसं दारांत आली. "तर आपला शिरोळकर. उत्तरेच्या गड्यानं तेची मान दाबून धरलीती, हितवर झालतं न्हवं? आता शिरोळकरानं काय केलं, डावा हात मोकळा केला. मैदानात चिडीचूप. तेनं हात माती धरून टेकला, आन सगळं बळ करून..."

त्यानं वाटी खाली ठेवली. बोचकं उचललं.

"मग?" माझी बायको म्हणाली. "मग काय झालं?"

"वैनी," तो म्हणाला, "ऱ्हायल्यालं उद्या."

आणि गंगावेशीच्या वाटेला लागला. बायको चिडली नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, वाटी उचलली आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "बरं. या उद्या."